पटावर नाव आहे, पुढे काय? दिव्यांग मुलं आणि आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळा

मलप्रभाकाठ

शाळा सुरू झाल्या की एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या) पहिल्या बैठकीत दिव्यांग मुलांचा विषय हमखास निघतो आणि अर्धवटच राहतो. एक बाजू म्हणते, कायदा आहे, मूल गावच्या शाळेत बसलंच पाहिजे. दुसरी म्हणते, इथं त्याला शिकवणार कोण, विशेष शाळेत घाला. दोन्हीकडची माणसं पोटतिडकीने बोलतात, पण 'बसवायचं की पाठवायचं' यापुढे गाडी जात नाही. या चर्चागटात प्रत्यक्ष काम करणारे बरेच जण आहेत. मूल वर्गात आल्यावर सोमवारी सकाळी काय करायचं, काय लागतं, कुठं अडतं, तेवढं लिहूया. खानापूर, बेळगाव ग्रामीण, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, कुठलंही चालेल. कायद्याचं कुणीतरी आधी थोडक्यात सांगा, म्हणजे त्यावर पुन्हा पुन्हा वाद नको.

बीआरसी_अक्का

कायदा सरळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ च होते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आणि पालकांची. हेडमास्तरांची नाही, एसडीएमसीची नाही, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांची पण नाही. 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नाकारलाच तर जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी नोडल अधिकारी नेमलेला असायला हवा, २०१७ च्या नियमांतच ते आहे. अर्ज त्यांच्या नावाने लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. आपल्याकडे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. महसुली जिल्हा एकच म्हणून निपाणीचा अर्ज बेळगावला टाकला, तर तो फिरत राहतो.

आता खरी अडचण. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १, त्यापुढे १५ मागे १. प्रत्यक्षात आपल्या तालुक्याला बीआयईआरटी (शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक) मोजकेच असतात. त्यांच्याकडे शाळाभेटी, घरी जाऊन शिकवणं, शिबिरं, कागदपत्रं सगळंच. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास आला तरी पुष्कळ. म्हणून मला 'कुठं बसवायचं' हा प्रश्न दुय्यम वाटतो. आठवड्यात या मुलाला त्याच्यासाठी ठरवलेलं शिकवणं किती मिनिटं मिळतं, हे विचारा. उत्तर शून्य असेल तर मूल गावच्या शाळेत असो की निवासी शाळेत, ते नुसतं पटावर आहे.

दोनशिक्षकी

अक्का, मुद्दा पटला, पण आमची बाजूही ऐका की. सीमाभागातल्या कितीतरी मराठी शाळांत पहिली ते पाचवी दोनच शिक्षक. एकाकडे नली-कलीचे (खेळत शिकण्याच्या पद्धतीचे) पहिली ते तिसरी तीन वर्ग, दुसऱ्याकडे चौथी-पाचवी. त्यातला एक जण ट्रेनिंगला, जनगणतीला नाहीतर निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. अशा खोलीत घंटेच्या आवाजाने कान झाकून पळणारं मूल असेल, तर शिक्षक त्याच्यामागे धावणार की उरलेल्या २५ जणांना बघणार? हा प्रश्न विचारला की लगेच 'तुमची मानसिकता बदला' म्हणतात. मानसिकता बदलून दुसरा माणूस मिळत नाही. ज्या मुलाला जेवण, शौच, चालणं सगळ्यालाच आधार लागतो, त्याला विशेष शाळा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीआरसी_अक्का

तुमची अडचण खरी आहे आणि ती लेखीच मांडायला हवी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत समावेशक शिक्षणासाठी प्रति विद्यार्थी वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद धरलेली असते. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साधनं त्यातूनच निघतात. पण हे सगळं एसएटीएसमध्ये आणि युडायसमध्ये (विद्यार्थ्यांच्या राज्याच्या आणि केंद्राच्या ऑनलाइन नोंदीत) मुलाच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरला असेल तरच. बरेच हेडमास्तर 'प्रमाणपत्र आल्यावर भरू' म्हणून तो रकाना मोकळा ठेवतात. वर्ष संपतं, मूल यादीतच नसतं, आणि मग वरून उत्तर येतं की तुमच्या शाळेत असं मूलच नाही.

पळणाऱ्या मुलाबद्दल थोडं. पाच दिवस एका वहीत तीन रकाने भरा: पळायच्या आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. बहुतेक वेळा एकदोनच प्रसंग निघतात, प्रार्थनेची घंटा किंवा जेवणाची रांग. मग उपाय लहान असतो. घंटा वाजायच्या दोन मिनिटं आधी त्याला खुणेने सांगून व्हरांड्याच्या टोकाला उभं करायचं. जेवणाच्या रांगेत पहिला नंबर द्यायचा. दिवसाचा क्रम पाच-सहा चित्रांत भिंतीवर लावायचा, एक काम झालं की ते चित्र उलटं करायचं. शिक्षक रजेवर असला तर 'आज नवीन बाई' हे चित्रही त्यात हवं. चुकतं ते इथंच: चित्रं लावतात आणि दोन आठवड्यांनी कुणी उलटतच नाही. मग मुलाचा त्या तक्त्यावरचा भरवसा जातो.

लर्निंग_लॅडर

दोनशिक्षकी सर, नली-कलीचं एक सांगते. आपल्याकडे पहिली ते तिसरीला हीच पद्धत असल्याने समावेशनासाठी तयार चौकट हातात आहे, फक्त आपण तिच्याकडे त्या नजरेने बघत नाही. शिकायची कार्डं शिडीसारखी पायरीपायरीने लावलेली असतात आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर असतं. पाच तबके, म्हणजे बसायचे गट, असतात, पूर्ण शिक्षकाच्या मदतीचं ते स्वतः शिकण्याचं. तिसरीचं मूल पहिलीच्या कार्डावर असलं तरी कुणाला वेगळं वाटत नाही, कारण सगळेच वेगवेगळ्या कार्डावर असतात. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला पहिल्या आणि तिसऱ्या तबकात आलटूनपालटून बसवायचं: २० मिनिटं शिक्षकाजवळ, २० मिनिटं सोबत्याबरोबर. स्वयंअध्ययनाच्या तबकात त्याला एकटं सोडलं की दिवस वाया गेला. कार्ड एकच, पण त्याचे तुकडे करायचे. 'चित्र बघून शब्द लिही' याचे चार टप्पे होतात: चित्र ओळख, तीन शब्दांतून बोट ठेव, ठिपक्यांवरून गिरव, बघून लिही. आपण बहुतेकदा पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतो.

घसरण चौथीत होते. तिथं शिडी संपते, सगळ्यांना एकच पुस्तक, एकच पान. विशेष शाळेची चर्चा नेमकी चौथी-पाचवीतच का सुरू होते, याचं उत्तर मला यात दिसतं. मूल बदललेलं नसतं, पद्धत बदललेली असते. चौथी-पाचवीत निदान गणित आणि मराठीच्या तासाला तबके चालू ठेवा, पाच नाही जमली तर तीन. चौथीचा वर्ग भागाकार करत असेल तेव्हा या मुलाला १२ चिंचोके तीन वाट्यांत सारखे वाटायला द्या. विषय तोच राहतो आणि मूल वर्गाच्या बोलण्यात राहतं.

कानाचं_काम

श्रवणदोषाबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात इथंच सगळ्यात जास्त वर्षं फुकट जातात. कानाचं मशीन मिळालं म्हणजे ऐकू यायला लागलं, असा समज आहे. शिबिरात मशीन मिळतं, पावसाळा येतो, आणि दिवाळीपर्यंत ते कपाटात.

रोज सकाळी हजेरीआधी दोन मिनिटांची तपासणी. शिक्षकाने तोंडापुढे कागद धरून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म्म, श, स. आवाज ऐकू आला की मूल टाळी वाजवेल. आधी १ मीटरवरून, मग ३ मीटरवरून. 'श' आणि 'स' काल येत होते आणि आज येत नाहीत, तर बॅटरी उतरली किंवा नळीत पाणी साचलं. कानामागच्या मशीनला बहुतेक १३ नंबरची, नारिंगी पट्टीची, नाहीतर ६७५ नंबरची, निळ्या पट्टीची बॅटरी लागते. या बॅटऱ्या हवेवर चालतात. पट्टी काढली की वापरा अगर न वापरा, ती उतरायला लागते. म्हणून पट्ट्या आधी काढून ठेवायच्या नाहीत, आणि पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबूनच मशीनमध्ये घालायची. रात्री मशीन बंद करून, बॅटरीचं दार उघडून, सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते भिजले, तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे होतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओलीत याशिवाय मशीन टिकत नाही. शिट्टी वाजायला लागली की आई-बाबा आवाज कमी करून टाकतात. खरं कारण कानात बसणारा साचा सैल झालेला असतो. लहान मुलाचा कान वाढतो, म्हणून वर्षातून एकदा तरी साचा नवा लागतो.

वर्गात मूल शिक्षकापासून दीड मीटरच्या आत, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे शिक्षकाच्या तोंडावर उजेड पडतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून पहिला बाक आणि चौथा बाक यात जमीन-अस्मानाचा फरक. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की तोंडी शिकवणं थांबवा, फळ्यावर लिहा. त्या आवाजात धडधाकट कानांनाही नीट कळत नाही.

निपाणीकर

कानाचं_काम सर, एक विचारायचं होतं. मशीनने फारसा उपयोग होत नसेल, मूल पूर्ण बहिरं असेल, तरी गावच्या मराठी शाळेतच ठेवायचं का? निवासी शाळेत बाकीची मुलं तशीच असतात, हाताने बोलतात, एकटं पडत नाही. नातेवाईक तेच सांगतात.

कानाचं_काम

हा प्रश्न अवघड आहे, एका ओळीत उत्तर देणार नाही.

बहिऱ्या मुलाला सांकेतिक भाषा लवकरात लवकर मिळाली पाहिजे आणि ती बोलणारी माणसं भोवती पाहिजेत. ज्या वर्गात एकालाही खुणा येत नाहीत, तिथं ते मूल दिवसाचे सहा तास गप्प बसतं. याला समावेशन म्हणायला माझी तयारी नाही. म्हणून अशा मुलासाठी चांगली विशेष शाळा ही पळवाट नाही.

पण आपल्या सीमाभागात आणखी एक गाठ आहे. विशेष शाळेत जाण्याआधी माध्यम विचारा. मराठी घरातलं मूल कन्नड माध्यमाच्या निवासी शाळेत गेलं, तर ते वाचायला-लिहायला कन्नड शिकतं. घरी आईला फक्त मराठी वाचता येते. ऐकणारं मूल दोन भाषा बोलून जोडून घेतं, या मुलाला घराशी जोडणारा एकच धागा असतो, लिहिलेला शब्द. तोच तुटतो. पुढे ते मोबाईलवर आईला काय लिहिणार आणि आई त्याला काय लिहिणार? कन्नडला माझा विरोध नाही, इथं राहायचं तर ती यायलाच हवी. म्हणणं एवढंच, की विशेष शाळा निवडली तर आठवड्याला दोन तास मराठी वाचनाची सोय सुट्टीत, घरी, कुणाकडून तरी ठरवूनच पाठवा. आणि आई-बाबांनी सांकेतिक भाषा शिकायची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेने दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओसह फुकट ठेवला आहे. रोज पाच शब्द, जेवणाचे, कपड्यांचे, नात्यांचे. वर्षात घरातलं बोलणं होण्याइतके होतात.

सहा_टिंबं

अंध मुलांच्या बाबतीत भाषेची गाठ अगदी उलटी आहे आणि हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांचं ब्रेल, एका घरात सहा टिंबं) देवनागरीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकच, टिंब १ आणि ३. प, त, र, ळ सगळं तेच. डोळस मुलाला मराठी शाळेत दोन पूर्ण वेगळ्या लिप्या आणि वर इंग्रजी शिकावी लागते. अंध मुलाला मराठीचं ब्रेल आलं की कन्नड वाचायला मुख्यतः दोनच नवी घरं, ऱ्हस्व 'ए' (२-६) आणि ऱ्हस्व 'ओ' (१-३-४-६), कारण मराठीत ते स्वर लिहीत नाहीत. म्हणून 'अंध आहे, त्याला कन्नड जड जाईल' म्हणून सूट मागण्याची घाई करू नका. शब्द नवे, लिपी जुनीच.

शिकवताना चुकतं ते जोडाक्षरांत. काना-मात्रा अक्षराला चिकटत नाहीत, स्वराचं अक्षर व्यंजनानंतर वेगळ्या घरात येतं. जोडाक्षरात हलंताचं टिंब ४ आधी येतं, मग दोन्ही व्यंजनं. 'पत्र' म्हणजे प, टिंब ४, त, र. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटवून डावीकडून वाचायचं, यात पहिले दोन महिने उलटसुलट होणारच. म्हणून आधी वाचन पक्कं, लेखन नंतर. साधा वहीचा कागद फाटतो, जाड कागद लागतो.

गणिताच्या तासाला शिक्षकाची जीभ बदलावी लागते. 'हे आणि हे मिळवलं की हे येतं' यात अंध मुलाला काहीच मिळत नाही. लिहिताना बोलायचं: 'अंशात ३, छेदात ५'. हे आपोआप बाकीच्या वर्गालाही कळतं.

कमी दिसणाऱ्या मुलांबाबत घाईने ब्रेल नको. पुस्तक १८ ते २४ पॉइंटमध्ये मोठं करून द्या, वहीच्या रेघा काळ्या पेनाने ठळक करा, पुस्तकाला उतरती फळी द्या म्हणजे मान मोडत नाही. भुऱ्या मुलांना, ज्यांच्या त्वचेत रंग नसतो, खिडकीजवळ बसवू नका. त्यांना उजेडच त्रास देतो, आणि शिक्षक मात्र 'उजेडात बस' म्हणून तिकडेच बसवतात.

जांभा_चिरा

रॅम्पबद्दल लिहितो. प्रत्येक शाळेत एक आहे आणि बहुतेकांवरून चाकाची खुर्ची चढत नाही.

उतार १ ला १२. जोतं ४५ सेंमी असेल तर रॅम्प ५.४ मीटर, खानापूरकडे पावसामुळे जोतं ६० सेंमी घेतात, तिथं ७.२ मीटर. अंगणात एवढी सरळ जागा नाही म्हणून गवंडी अडीच मीटरमध्ये उरकतो आणि ती घसरगुंडी होते. सरळ जागा नसेल तर भिंतीला धरून काटकोनात वळवा, वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा. वर दारापुढेही दीड मीटर सपाट हवं, नाहीतर खुर्चीवरचं मूल एका हाताने दार उघडताना मागे घरंगळतं. रुंदी १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठडा, एक नळी ९० सेंमीवर आणि दुसरी ७० वर, लहान मुलांसाठी.

पृष्ठभागाला शहाबादी नको आणि गुळगुळीत सिमेंटही नको. ओलं असताना झाडूने आडव्या रेघा ओढायच्या. जांभ्याचा रॅम्प दिसायला छान, पण दोन पावसांत शेवाळ धरतो, मे महिन्यात आणि श्रावणात घासून चुना मारायला माणूस ठेवणार असाल तरच करा. रॅम्पच्या पायथ्याशी पाण्याची चर असली तर तिच्यावरच्या जाळीच्या सळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या ठेवा, नाहीतर पुढचं लहान चाक अडकतं.

आणि उंबरा! जुन्या शाळांत दार दोन फळ्यांचं असतं, दोन्ही उघडल्या की ९० सेंमी सहज मिळतात, पण ८-१० सेंमीचा लाकडी उंबरा तसाच. पाच मीटरचा रॅम्प बांधून शेवटी खुर्ची उंबऱ्याशी थांबते. सुताराला सांगून काढून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम.

शौचालयात खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ, दार बाहेर उघडणारं, भांडं ४५ ते ४८ सेंमी उंच, नळ बसल्या जागी हाताला येणारा. आणि कुलूप नको. 'खराब होतं' म्हणून ते बंद ठेवतात आणि किल्ली ऑफिसात. मूल मग दिवसभर पाणी पीत नाही, मोठ्या मुली तर शाळाच सोडतात.

दोनशिक्षकी

उंबऱ्याचं उद्याच बघतो. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या) मुलाला साध्या बाकावर कसं बसवायचं, तेही कुणी सांगा. ते घसरत खाली येतं.

बीआरसी_अक्का

पाय लोंबकळतात म्हणून घसरतं. पायाखाली खोका किंवा विटा, तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. कंबर, गुडघा आणि घोटा काटकोनात. मेजाची उंची कोपराइतकी. पाठीमागे घोंगडीची गुंडाळी. मांडीवर रुंद पट्टा, छातीवर नको. पाऊण तासाने जागा बदलायची, भिंतीला टेकून उभं करायचं. पेन्सिलीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकड येते. वही घसरू नये म्हणून चिकटपट्टी. लिहायला वेळ लागत असेल तर गृहपाठ निम्मा द्या. पाच गणितं बरोबर आली तर दहाव्याची गरज नसते. रूपणात्मक (वर्षभरातल्या छोट्या) चाचण्या तर तोंडी घ्यायला काहीच हरकत नाही.

फिट येणाऱ्या मुलांचंही यातच लिहिते. कांदा, चप्पल हुंगवणं बंद करा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८.

वेलांटी

अध्ययन अक्षमतेबद्दल (वाचन, लेखन, गणित शिकताना येणाऱ्या अडचणीबद्दल) कुणी लिहिलं नाही, आणि संख्येने हीच मुलं जास्त आहेत. दिसायला काही नसतं म्हणून 'आळशी', 'लक्ष नाही' हीच नावं मिळतात. २०१६ च्या यादीत हा प्रकार आला, चाळणी (पहिली तपासणी) तिसरीत किंवा ८ व्या वर्षी करायची असते.

आपल्याकडे पहिल्या इयत्तेपासून कन्नड, २०१५ च्या कायद्याने २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने आलं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासमोर तीन लिप्या. साध्या मुलाला हे जमतं, कन्नड गल्लीत ऐकलेलीच असते. डिस्लेक्सियाच्या (वाचायला-लिहायला अडणाऱ्या) मुलाला कुठं अडतं ते बघा. मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. घ-ध, भ-म दिसायला जवळ. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करून डावीकडे ठेवतो. कन्नडमध्ये उलट, पहिलं पूर्ण आणि दुसरं त्याच्या पायाशी, ओत्तक्षर. द आणि ध, प आणि फ यांच्यात तिथं खाली एका बारीक रेघेचाच फरक. एका लिपीचा नियम पक्का व्हायच्या आत दुसरीचा उलटा नियम आला की दोन्ही ढासळतात. म्हणून अशा मुलाला पहिली दोन वर्षं कन्नड तोंडी: गाणी, सूचना, बाजारातलं बोलणं. लिपी मराठी वाचन स्थिर झाल्यावर. कायदा भाषा शिकवा म्हणतो, या मुलाला ती कानाने आधी शिकवली तरी भाषाच शिकवली.

गणितात मात्र कन्नड मदतीला येते. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना २ आधी. म्हणून ही मुलं २५ चे ५२ करतात. 'एकोणतीस'मध्ये तर २ ही नाही आणि ९ ही नाही. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, वीस-पाच. इप्पत्तोंबत्तु, वीस-नऊ. जसं बोलतो तसंच लिहायचं. संख्या उलट लिहिणाऱ्या मुलाला काही आठवडे 'दोन दशक पाच' किंवा सरळ कन्नड नावाने मोजू द्या, सोबत दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या हातात. आपल्या मुलांना दोन्ही नावं येतात, हा इथल्या शिक्षकाच्या हातचा फायदा आहे.

आणि मुख्य: चाचणी कुठल्या भाषेत घेतली ते विचारा. मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड उताऱ्यावर तपासलं तर निकालाला अर्थ नाही. जाताना मराठीचं पुस्तक आणि वर्षभराच्या दोन वह्या बरोबर न्या.

मलप्रभाकाठ

खूप कामाचं येतंय. कागदपत्रांचं कुणी लिहील का? युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अडकलेली बरीच प्रकरणं आहेत.

ग्रामपंचायत_व्हीआरडब्ल्यू

व्हीआरडब्ल्यू म्हणजे गावचे पुनर्वसन कार्यकर्ते, आमचं हे रोजचं काम. सगळ्यात जास्त अर्ज नावाच्या स्पेलिंगवर अडकतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, इंग्रजीत 'डी'ने सुरू. कन्नडवरून इंग्रजीत नेलं की 'जे' किंवा 'जी'ने. आधार एक, दाखला दुसरा. अर्ज करण्याआधी आधारवरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि शाळेत, बँकेत तेच करून घ्या. पत्ताही आधारचाच. निपाणीहून कोल्हापूर जवळ म्हणून तिकडच्या दवाखान्यात उपचार चालू असतात, तिथली कागदं जरूर जोडा, पण प्रमाणपत्रासाठी कर्नाटकातल्या पत्त्याने इथल्याच वैद्यकीय मंडळाकडे या. एकदा मिळालं की ते देशभर चालतं, उद्या मूल कोल्हापूर-पुण्याला शिकायला गेलं तरी.

कार्डाचे रंग: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. पांढरं मिळालं म्हणून फेकून देऊ नका, वर्गातल्या सोयींना टक्केवारीची अट नाही.

लर्निंग_लॅडर

दोनशिक्षकी सरांच्या पहिल्या मुद्द्याकडे परत येते, तो अजून सुटलेला नाही. सगळ्यालाच आधार लागणारं मूल. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला आहे. माझी भीती ही, की आपल्याकडे 'घरी शिक्षण' म्हणजे 'नाव शाळेत, मूल खाटेवर' होतं. घरचं शिक्षण निवडलं तरी आठवड्यातून एक दिवस, जमेल तर शनिवारी, दोन तास मुलाला शाळेत आणा. वर्गाचं गाणं, खेळ, जेवण यात बसवा. लेखी योजना हवीच: आता काय येतं, वर्षाची तीन-चार उद्दिष्टं, आणि दर आठ आठवड्यांनी तपासता येईल असं वाक्य. 'संख्याज्ञान वाढवणे' हे उद्दिष्ट नाही. 'मागितल्यावर १ ते १० पैकी तेवढ्या वस्तू मोजून देईल, पाचपैकी चार वेळा' हे उद्दिष्ट.

दोनशिक्षकी

हे मान्य. लेखी योजना आणि मदतनीस भत्त्याचा अर्ज, दोन्ही एकत्र बीआरसीला (तालुक्याच्या साधन केंद्राला) देतो. तरी एक म्हणणं सोडत नाही: माणूस न देता मूल दिलं तर ते मुलावरही अन्याय आहे आणि बाकीच्या पंचवीस जणांवरही. हे एसडीएमसीने ठराव करून वर कळवायला हवं, शिक्षकाने एकट्याने नाही.

बीआरसी_अक्का

ठरावात मुलांची संख्या, प्रकार, एसएटीएसमधली नोंद आणि 'आठवड्याला विशेष शिक्षकाचे किती तास मिळाले' हा मागच्या तीन महिन्यांचा हिशेब घाला. भेटीची नोंदवही शाळेतच असते, त्यातून काढता येतो. १० मागे १ हे प्रमाण शेजारीच लिहा.

निपाणीकर

शेवटचं एक. दहावीला लेखनिक मराठी लिहिणारा कुठून आणायचा? आणि वेळ किती वाढवून मिळतो?

सहा_टिंबं

२०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. लेखनिक आपण आणला तर तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा हवा. म्हणून शेजारच्या मराठी हायस्कूलमधला नववीचा विद्यार्थी सगळ्यात सोयीचा, अक्षर सुवाच्य आणि शुद्धलेखन बरं असलेला. अर्ज हेडमास्तरांमार्फत बोर्डाकडे, दिवाळीच्या सुट्टीआधीच तयारीला लागा, जानेवारीत धावपळ होते. एकाच्या भरवशावर राहू नका, दुसरा राखीव ठेवा, मार्चमध्ये गोवर-कांजिण्या असतातच.

सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, आठवीपासून सराव हवा. विरामचिन्हं बोलून सांगायची. ऱ्हस्व-दीर्घ कुठलं ते सांगायचं. गणितात 'नवीन ओळ', 'कंस सुरू', 'कंस पूर्ण', 'सर्व भागिले' असे शब्द दोघांनी आधी ठरवून घ्यायचे. भूगोलाच्या नकाशाऐवजी काय प्रश्न येतो तेही आधीच विचारून ठेवा. कन्नडच्या पेपरला मात्र तोच लेखनिक चालेलच असं धरू नका. मराठी शाळेतल्या नववीच्या मुलाचं कन्नड लेखन तपासून बघा, कच्चं असेल तर त्या एका पेपरसाठी दुसरा लेखनिक अर्जातच दाखवा.